जर्मनीत स्थानिक माणूस नोकरीवर ठेवायचाय: कायदा कुठला, खर्च किती?

वाळूज_मशीनशॉप

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत आमचं सुट्या भागांचं युनिट आहे. स्टुटगार्टजवळच्या एका ग्राहकाला माल जायलाय. रिजेक्शनची तक्रार आली की लगेच जाऊन बघणारा, सॉर्टिंग करून घेणारा तिथलाच एक क्वालिटी इंजिनिअर ठेवायचा विचार आहे. तिथं आमची कंपनी नाही, ऑफिस नाही. पगार महिना ४,५०० युरोपर्यंत. आमचे सल्लागार म्हणतात, कन्सल्टंट म्हणून करार करा, महिन्याला बिल घ्या, न्यायक्षेत्र छत्रपती संभाजीनगर लिहा, विषय मिटला. खरंच मिटतो का? पीएफ-ईएसआयसारखं तिथं काय भरावं लागतं? पुढं दुबईतही एक माणूस लागेल, त्याचंही कुणी सांगितलं तर बरं होईल.

पगारपत्रक

मिटत नाही. माणूस रोज जर्मनीत काम करणार असेल तर करारात भारतीय कायदा लिहिला तरी तिथल्या कामगार कायद्यानं दिलेलं किमान संरक्षण काढून घेता येत नाही, आणि तो दावाही तिथल्याच कामगार न्यायालयात लावू शकतो.

आधी कन्सल्टंटचं बघा. काम तुम्ही ठरवणार, वेळ तुम्ही ठरवणार, ग्राहक एकच, बिल दर महिन्याला सारखंच. तिथल्या पेन्शन संस्थेच्या नजरेत हा स्वतंत्र व्यावसायिक नाही, नोकरच. ही पळवाट तिथं इतकी जुनी आहे की तिला कायद्याच्या भाषेत नावच आहे: ‘शाइनसेल्ब्स्टेंडिशकाइट’, म्हणजे दिखाऊ स्वयंरोजगार. पकडलं गेलं तर मागच्या सामाजिक विमा हप्त्यांचे दोन्ही वाटे, मालकाचा आणि कामगाराचा, तुमच्याकडून वसूल होतात. त्याचा वाटा त्याच्या पगारातून कापायला तुम्हाला पुढचे तीनच पगार मिळतात; तो सोडून गेला की तेही नाही. थकबाकी चार वर्षांपर्यंतची निघते, जाणूनबुजून चुकवली असं ठरलं तर तीस वर्षांपर्यंतची. शंका असेल तर काम सुरू होण्याआधीच तो नोकर की स्वतंत्र व्यावसायिक हे ठरवून घेण्याचा अर्ज पेन्शन संस्थेकडे करता येतो.

सरळ नोकरीवर घ्यायला तिथं कंपनी काढावीच लागते असं नाही. क्रम असा:

१. जर्मन रोजगार संस्थेकडून ‘बेट्रीब्सनुमर’ घ्या. हा मालकाचा नोंदणी क्रमांक. तो नसेल तर पुढचं काहीच हलत नाही.
२. माणसानं निवडलेल्या आरोग्य विमा संस्थेकडे, म्हणजे ‘क्रांकेनकासे’कडे, त्याची नोंद करा. पेन्शन, बेरोजगारी आणि शुश्रूषा (म्हातारपणी वगैरे लागणाऱ्या देखभालीच्या) विम्याचे पैसेही तिथंच एकत्र जातात.
३. अपघात विम्यासाठी तुमच्या व्यवसायाच्या ‘बेरूफ्सगेनोसेनशाफ्ट’कडे वेगळी नोंदणी. हा हप्ता पूर्ण मालकाचा.

२०२५ च्या दरांनी मालकाचा वाटा: पेन्शन ९.३ टक्के, आरोग्य ७.३ अधिक विमा संस्थेनुसार बदलणाऱ्या जादा हप्त्याचा अर्धा भाग (सरासरी १.२५), बेरोजगारी १.३, शुश्रूषा १.८. बेरीज साधारण २१ टक्के, म्हणजे ४,५०० वर ९४५ युरो. अपघात विमा आणि किरकोळ उपकर धरून साडेपाच हजार पकडून चाला. दर बहुतेक दर जानेवारीला बदलतात.

आपल्याकडची मंडळी तारखेला फसतात. पीएफ आपण पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरतो. तिथं चालू महिन्याचेच पैसे त्याच महिन्याच्या शेवटून तिसऱ्या बँक-दिवशी जमा व्हावे लागतात. पगार ७ तारखेला करायची सवय असेल तर हप्ता पगाराच्या आधी जातो, हे बँकेतून युरो पाठवताना लक्षात ठेवा. उशीर झाला की सुरू झालेल्या प्रत्येक महिन्याला एक टक्का दंड.

प्राप्तिकराचं उलटं आहे. तिथं तुमचं आस्थापन किंवा कायम प्रतिनिधी नसेल तर पगारातून कर कापायची जबाबदारी तुमच्यावर नाही. माणूस स्वतः १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर, १० डिसेंबरला आगाऊ कर भरतो. हे त्याला नेमणुकीआधी सांगा, नाहीतर हातात पूर्ण रक्कम आली म्हणून तो खर्च करून बसेल. आणि त्याला ऑर्डर घ्यायचा, भाव ठरवायचा अधिकार देऊ नका. तसा अधिकार नेहमी वापरला गेला तर कंपनीचाच नफा तिथं करपात्र ठरू शकतो. क्वालिटी बघणं वेगळं, सौदा करणं वेगळं.

वाळूज_मशीनशॉप

खूप आभार. सुट्ट्या, आजारपण कसं असतं? आणि माणूस जमला नाही तर काढता येतो का? ऐकून आहे की जर्मनीत एकदा घेतला की घेतला.

लातूर_लेबर_डेस्क

ते मोठ्या कंपन्यांचं ऐकलेलं असतं. नोकरीतून काढायला सबळ कारण लागणारा कायदा दहापेक्षा जास्त माणसं असतील तिथं, आणि तेही सहा महिन्यांनंतर लागू होतो. मोजणीत वाळूजची माणसं येत नाहीत, जर्मनीतलीच येतात. तुमचा तर एकच.

सहा महिन्यांपर्यंत परीक्षाकाळ ठेवता येतो, त्यात नोटीस दोन आठवड्यांची. नंतर चार आठवडे, तीही महिन्याच्या १५ तारखेला किंवा अखेरीला संपणारी. दोन वर्षं झाली की मालकाकडून एक महिना, पाच झाली की दोन. गरोदर बाईला मात्र बाळंतपणानंतर चार महिन्यांपर्यंत काढता येत नाही, कंपनी कितीही छोटी असो.

घोळ होतो तो कागदावर. काढल्याचं पत्र शाईच्या सहीचं, मूळ कागदच लागतं. ईमेल, व्हॉट्सअॅप, स्कॅन, डिजिटल सही, काहीच चालत नाही. सही मालकाऐवजी एचआर मॅनेजरनं केली आणि सोबत मूळ अधिकारपत्र नसेल, तर समोरचा ताबडतोब पत्र नाकारू शकतो. मग नवं पत्र आणि नोटीसही नव्यानं. इथून कुरिअर जाणार, म्हणून पत्र हातात पडायची तारीख धरून उलटं मोजा. मिळाल्यापासून तीन आठवड्यांत तो कोर्टात गेला नाही तर सहसा विषय संपतो.

मुदतीचा करार हाही मार्ग आहे: कारण न देता जास्तीत जास्त दोन वर्षं, त्यात तीन वेळा वाढ. पण त्यावरही काम सुरू होण्याआधी दोघांच्या शाईच्या सह्या हव्यात. आधी रुजू आणि नंतर सही असं झालं तर करार कायमचा ठरतो. आपल्याकडं सर्रास असंच चालतं, म्हणून सांगायलोय.

रजा: पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्यानं वर्षाला २० दिवस, पण चांगला इंजिनिअर ३० च्या आसपास मागणारच. आजारपण त्यातून कापायचं नाही. चार आठवडे नोकरी झाल्यावर एका आजाराला सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो, पुढं विमा संस्था बघते.

गल्फ_एचआर

दुबईचं थोडक्यात. तिथं परवानाधारक कंपनी असल्याशिवाय कुणाला व्हिसा देता येत नाही. म्हणून आधी फ्री झोनमध्ये, म्हणजे परदेशी कंपन्यांसाठीच्या खास क्षेत्रात, कंपनी काढा, किंवा दुसऱ्या नोंदणीकृत कंपनीच्या पगारावर माणूस ठेवा. तिथला कामगार कायदा २०२१ चा ३३ क्रमांकाचा, २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू. भारतीय माणसासाठी पीएफसारखा हप्ता नाही, त्याऐवजी ग्रॅच्युइटी: एक वर्ष पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढं ३० दिवसांचा. मूळ पगार ६,००० दिरहम असेल तर दिवसाचे २००, वर्षाचे ४,२००. हिशेब मूळ पगारावरच होतो, म्हणून काही मालक मूळ पगार मुद्दाम कमी दाखवतात. चांगला माणूस ऑफर लेटरवर पहिली तीच ओळ वाचतो. वर्षाला ३० दिवस रजा. नोकरी संपल्यावर १४ दिवसांत सगळा हिशेब द्यायचा. भरतीचा खर्च त्याच्या पगारातून कापायचा नाही, पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही.

पगारपत्रक

एक राहिलं. जर्मनीत स्थानिक माणूस न मिळाल्यास इथलाच कर्मचारी पाठवायचा झाला, तर भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. ईपीएफओकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’, म्हणजे माणसाचा पीएफ इथं चालू असल्याचा दाखला, काढलं की ४८ महिन्यांपर्यंत तिथला पेन्शन हप्ता लागत नाही, इथला पीएफ चालू ठेवायचा. ते माणूस निघायच्या आधी काढा. अमिरातीशी भारताचा असा करार नाही. आणि हे प्रमाणपत्र म्हणजे व्हिसा नव्हे, कामाचा परवाना वेगळा घ्यावा लागतो.