रहस्यकादंबरीतल्या पत्रकाराला शवविच्छेदन अहवाल इतक्या सहज कसा मिळतो?

तळटीप:
संशयास्पद मृत्यूच्या मागे लागलेला पत्रकार हा मराठी रहस्यकथेसाठी फार चांगला नायक आहे. त्याच्याकडे ना अटकेचा अधिकार, ना झडतीचा. पण तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात कुणीतरी त्याच्या टेबलावर शवविच्छेदन अहवालाची झेरॉक्स आणून ठेवतं आणि तिथंच माझा विश्वास उडतो.

प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. विहिरीत प्रेत सापडलं की ठाण्यात आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते. पूर्वी हे काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली चालायचं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली चालतं. दोन पंचांसमोर इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे प्रेताचा पंचनामा होतो आणि वरकरणी दिसणारं मृत्यूचं कारण लिहून अहवाल 24 तासांत दंडाधिकाऱ्याकडे जातो. एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा आदेश आहे, पण अकस्मात मृत्यूची नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. म्हणून नायकाला संकेतस्थळावर काहीच सापडणार नाही.

मग माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे 150 शब्दांची मर्यादा. 30 दिवसांनी उत्तर येतं: कलम 8(1)(ज), तपासात अडथळा येईल. यावर अपिलात बोलता येतं. नुसता तपास चालू आहे एवढं कारण पुरत नाही, माहिती दिल्याने अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितलं आहे. पण तोवर दोन-तीन महिने गेलेले असतात. विहीर उपसून झालेली असते, साक्षीदार ऊसतोडीला गेलेला असतो. माझ्या मते कादंबरी या महिन्यांतच घडायला हवी.

गावकुस:
तळटीप, कायदा तुम्ही बरोबर सांगितलात, पण यातून कादंबरी उभी राहणार नाही. अर्ज, उत्तर, अपील हे तीन प्रकरणं वाचायला लावलंत तर वाचक पुस्तक मिटेल. तालुक्याचा वार्ताहर अर्ज टाकून वाट बघत बसत नाही. तो पहिल्या दिवशीच पंचाच्या घरी जातो.

पंचनाम्यावर सही करणारी माणसं गावातलीच असतात. कधी ती ठाण्यासमोरच्या टपरीवरची ठरलेली मंडळी असतात. अशा पंचाला नायकाने एवढंच विचारावं: "प्रेत वर काढलं तेव्हा पायात चपला होत्या का?" पंचनाम्यात लिहिलंय, चपला विहिरीच्या काठावर जोडीने ठेवलेल्या होत्या. पंच म्हणतो, एकच होती, पायातच होती. सही मात्र त्याने केलेली आहे, कारण कागद पुढे आला तेव्हा अर्धा कोराच होता. या एका उत्तरावर आत्महत्येची गोष्ट कोसळते, आणि त्यासाठी माहिती अधिकाराचं एकही कलम लागत नाही.

शवविच्छेदनाची प्रत हवी असेल तर मृताच्या बायकोला किंवा भावाला अर्ज करू द्या. नातेवाइकाला नकार देणं पोलिसांना पत्रकाराइतकं सोपं जात नाही. आणि यात एक खरी गुंतागुंत आहे: अर्जावर सही केली की भावकीत त्या घराचं नाव वाईट होतं.

खरा अडथळा तर वेगळाच आहे आणि तो कादंबऱ्यांत कुठेच दिसत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीपेक्षा जाहिरातीच्या कमिशनवर जास्त जगावं लागतं. ज्याच्यावर संशय, त्याच्याच वाढदिवसाची पुरवणी पुढच्या महिन्यात असते.

काचबरणी:
दोघेही कागदावर आणि माणसांवर बोलताय, मी प्रेतावर बोलते. लेखकांच्या सर्वात जास्त चुका इथे होतात.

कादंबरीतला डॉक्टर म्हणतो, "मृत्यू रात्री 11.40 ला." असं कुणी सांगू शकत नाही. डॉक्टर काही तासांचा पट्टा देतो. एप्रिलच्या उन्हात प्रेताला ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो, विहिरीच्या गार पाण्यात सगळं लांबतं. दुसरी चूक म्हणजे घातपाताचा संशय असताना रातोरात केलेलं शवविच्छेदन. नोव्हेंबर 2021 पासून सूर्यास्तानंतरही परवानगी आहे, पण खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू यांना त्यातून वगळलंय. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच अपवाद.

व्हिसेऱ्याकडे, म्हणजे विषाच्या तपासणीसाठी काढून ठेवलेल्या आतल्या अवयवांकडे बारकाईने पाहा, कथानक तिथे आहे. जठर आतल्या अन्नासह, लहान आतड्याचा साधारण 30 सेंटिमीटर भाग, यकृत 500 ग्रॅम, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग. हे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात आणि बरणी दोन-तृतीयांशच भरतात, कारण आत वायू तयार होतो. फॉर्मालिनमध्ये बुडवलं तर विषाचा शोध बिघडतो. फॉर्मालिन असतं ते सूक्ष्मदर्शकाखाली ऊती बघायच्या नमुन्यासाठी.

रक्ताच्या बाटलीत मात्र सोडियम फ्लोराइड लागतं. ते घातलं नाही, बाटली ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत आठ-दहा दिवस उन्हाळ्यात पडून राहिली, तर जंतू रक्तातल्या साखरेपासून अल्कोहोल बनवतात. प्रयोगशाळेचा अहवाल प्रामाणिकपणे म्हणतो, अल्कोहोल सापडलं. पोलीस म्हणतात, दारू पिऊन विहिरीत पडला. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस कागदावर दारुडा होतो आणि फाइल बंद होते. यात कुणी पैसे खाल्लेले नाहीत, कुणी खोटं बोललेलं नाही. कट-कारस्थानापेक्षा मला हे जास्त भयानक वाटतं.

तळटीप:
काचबरणी, हे वाचून मी माझं मत थोडं बदलतो. वाट पाहण्याने नुसता वेळ जात नाही, पुरावाही बदलतो.

गावकुस, पंचाचा प्रसंग मला मान्य, पण पुढे काय? पंच तोंडी बोलला, उद्या फिरला. संपादक कागद मागणारच, कारण "खून" असा शब्द छापला की न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीचा खटला येतो. बातमीत "पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद" एवढंच जातं. आणि नायक कोर्टात छाती पुढे काढून "माझा स्रोत सांगणार नाही" म्हणतो, त्याला आपल्याकडे कायद्याचा आधार नाही. प्रेस कौन्सिल कायद्यातलं संरक्षण कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं आहे. विधी आयोगाने 1983 मध्ये 93व्या अहवालात तरतूद सुचवली होती, ती आली नाही. पंचाचं नाव सांगायचं की तुरुंगात जायचं, हा प्रसंग लिहा ना कुणीतरी.

गावकुस:
तो प्रसंग मीही आवडीने वाचेन. पण नायकाच्या जिवाची भीती फोनवरच्या निनावी धमकीने दाखवू नका. फेब्रुवारी 2023 मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडलं गेलं, तेही त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी. पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधात 2017 मध्ये महाराष्ट्राने कायदा केला होता, तरीही. तालुक्याच्या गावात नायकाची दुचाकी, चहाची वेळ, मुलीची शाळा सगळ्यांना माहीत असते.

आणि काचबरणी, एक शंका आहे. फ्लोराइड घातलं नव्हतं, हे पत्रकाराला कळणार कुठून? त्याने बरणी कधी पाहिलेली नसते.

काचबरणी:
नमुन्यांसोबत एक फॉर्म जातो. कोणत्या बाटलीत काय आहे आणि कोणतं परिरक्षक, म्हणजे नमुना टिकवणारं रसायन घातलंय, हे त्यात लिहायचं असतं. प्रयोगशाळेच्या अहवालावर नमुना पोचल्याची तारीख असते. नायकाने ती तारीख शवविच्छेदनाच्या तारखेशेजारी ठेवावी, आणि मग त्या फॉर्मची प्रत मिळवावी. रक्ताच्या ओळीपुढचा परिरक्षकाचा रकाना रिकामा असेल.