सामन्याआधी पारडं कुणाचं जड? तुमचे अनुभव सांगा

पिवळानिळा (बुधवार, २७ नोव्हेंबर २०२४)

काल थंडीचं जाड जाकीट बाहेर काढलं आणि आतल्या खिशात चार घड्या घातलेला कागद सापडला. ॲन आर्बरच्या देशी दुकानातलं किराणाचं बिल. पुढे तूरडाळ, पोहे, मोहरी. मागे पेन्सिलीने दोन रकाने, डावीकडे मिशिगन, उजवीकडे ओहायो स्टेट, दोन विद्यापीठांचे फुटबॉल संघ. २००६ चा कागद. घड्यांवरची अक्षरं पुसली आहेत, पण टिका दिसतात.

त्या वर्षी दोन्ही संघ ११-०, म्हणजे अकरा जिंकले, एकही हरले नाहीत. देशात पहिला विरुद्ध दुसरा, सामना ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसला. माझा नागपूरकर रूममेट एमएस ओहायो स्टेटमधून करून आला होता, त्यामुळे घरातच दोन पक्ष. रात्री पोहे खात आम्ही एकेक जागा तोलली. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा: ट्रॉय स्मिथ, टिक त्याला. धावणारा: माइक हार्ट, टिक मला. धाव अडवणारी फळी: आमची देशात नावाजलेली, तिला मी दोन टिका दिल्या आणि तोही काही बोलला नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी बो शेमबेकलर गेले. १९६९ ते १९८९, एकवीस हंगाम मिशिगनचे प्रशिक्षक. खालच्या मजल्यावरच्या अमेरिकन आजी जिन्यात उभ्या राहून रडत होत्या. घरातलं माणूस गेल्यासारखं. त्या दिवशी मला कळलं की हा नुसता खेळ नाही इथल्यांसाठी.

सामना ४२-३९ असा ओहायोने नेला. आणि कुठे मार खाल्ला? दोन टिका दिलेल्या जागी! पन्नास यार्डांहून लांब अशा दोन धावा थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे शेवटच्या रेघेपलीकडे.

येत्या शनिवारी परत तेच दोघं, परत कोलंबस. ओहायो १०-१, आम्ही ६-५. जाणकार त्यांना वीसेक गुणांनी पुढे धरतायत. मला तसं वाटत नाही, कारण खाली सांगेनच. आधी तुम्ही लिहा. सामन्याआधी तुम्ही कसं तोलता? कुठलाही खेळ, कुठलंही कॉलेज.

लालफुली

मी कोलंबसची :) या आठवड्यात कॅम्पसवर जिथे जिथे इंग्रजी एम, म्हणजे मिशिगनचं पहिलं अक्षर, दिसेल तिथे लाल चिकटपट्टीची फुली मारतात. माझं नाव म वरून. पहिल्या वर्षी लॅबला गेले तर दारावरच्या माझ्या पाटीवर, पहिल्याच अक्षरावर फुली. मला वाटलं कुणाचा तरी राग आहे माझ्यावर, डोळ्यात पाणीच आलं. मग गाईडने हसत हसत सगळा इतिहास सांगितला, १८९७ पासूनचा.

तोलायचं म्हणाल तर यंदा प्रश्नच नाही. फेकलेला चेंडू झेलणारा जेरेमाया स्मिथ पहिल्या वर्षाचा पोरगा आहे आणि त्याला कुणी धरू शकत नाही. झेलायला एग्बुका आहे, धावायला हेंडरसन, जडकिन्स. गेल्या शनिवारी इंडियानाला ३८-१५ ने हरवलं. तीन वर्षं सलग हरलोय तुमच्याकडून, आता पुरे.

तांबडापांढरा

आमच्याकडे कोल्हापुरात कॉलेज नाही, तालीम. फुटबॉलचा पाटाकडील-दिलबहार सामना असला की आदल्या दिवसापासून मिसळीच्या टेबलावर हेच. कोण लंगडतंय, बाहेरून कोण खेळाडू आणलाय, मैदान ओलं आहे काय. शाहू स्टेडियमला आमचे आजोबा एकाच जागी बसायचे. ते संघाचं काही बोलायचेच नाहीत, नुसतं सरावाला जाऊन गोलकीपर उडी कुठल्या पायावर मारतो ते बघून यायचे.

हुरडा

एक शंका. हा फुटबॉल म्हणजे हातात घेऊन पळतात तोच ना? भाऊ डेट्रॉइटला आहे, तो बोलतो पण मला ओ की ठो कळत नाही.

पिवळानिळा

हो तोच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर परत चार, नाही तर चेंडू समोरच्याकडे. दहा यार्ड पूर्ण झाले की फर्स्ट डाउन. एवढं धरून बसलात तरी सामना कळतो.

@तांबडापांढरा, आजोबांचं फार आवडलं. खरी नजर ती.

जुनाटोलेडो

फर्स्ट डाउनवरून आठवलं. १९५० साली कोलंबसला हिमवादळात सामना झाला. मिशिगनला अख्ख्या सामन्यात एकही फर्स्ट डाउन नाही आणि तरी ९-३ ने जिंकले. मैदानावरच्या रेघा दिसत नव्हत्या. त्या दिवशी कागदावर तोलून काय हाती लागलं असतं?

आम्ही टोलेडोत, ओहायो आणि मिशिगनच्या बरोब्बर सीमेवर. समोरचं घर निळं, आमचं लाल. शनिवारी मुलं आपापल्या अंगणात.

बेलवाटी

विषयांतर होतंय पण थँक्सगिव्हिंगला भोपळ्याचे डबे आणलेत, ते उरणार. घारगे होतात का त्याचे? ताजा चिरायला वेळ नाही.

लालफुली

होतात ग. गर आधी कढईत परतून पाणी आटव, नाही तर कणीक पीतच राहते.

पुणेरीपथक

मला खेळातलं फार कळत नाही, मी बँडसाठी जाते. ओहायो स्टेटचा बँड मैदानभर चालत ओहायो अक्षरं काढतो आणि शेवटी सुझाफोन हे मोठं पितळी वाद्य घेतलेला एक वादक इंग्रजी आय वरचा टिंब होऊन उभा राहतो, वाकून नमस्कार करतो. १९३६ पासून चालू आहे हे. नदीपात्रात ढोल घेऊन दोन महिने सराव केलाय, म्हणून सांगते, एवढी माणसं एका पावलावर आणायची म्हणजे काय असतं ते अंगाला माहीत आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घसा दाटला.

पिवळानिळा (शुक्रवार, २९ नोव्हेंबर)

आता माझा कागद. फेकीत आम्ही कमी, मान्य. आमचा क्वार्टरबॅक डेव्हिस वॉरनचे चेंडू समोरच्यांच्या हातात जातात. बचावातला विल जॉन्सन जायबंदी. पण बाकी सगळं बाजूला ठेवा आणि मधोमध बघा. ओहायोचा डावा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणारा, सिमन्स ऑरेगनच्या सामन्यात जायबंदी झाला, आणि चेंडू मागे देणारा सेंटर मॅक्लॉफ्लिन याच महिन्यात सरावात जायबंदी झाला. त्यांच्या जागी आलेल्यांसमोर कोण? मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, दोघं मिळून भिंतच. स्मिथ कितीही पळो, त्याच्यापर्यंत चेंडू जायला वेळ लागतो, आणि तो वेळ मधे ठरतो. आमच्याकडे चेंडू असेल तेव्हा धावणाऱ्या मलिंग्जला देत राहायचं, घड्याळ खायचं. गुण कमी होतील आणि शेवटच्या पाच मिनिटांत सामना हातात असेल.

१९६९ लाही हेच सांगत होते लोक. ओहायो गतविजेते, सलग २२ सामने जिंकलेले. शेमबेकलरांचं पहिलंच वर्ष, समोर त्यांचेच गुरू वुडी हेज. २४-१२ ने मिशिगन.

लालफुली

मधल्या फळीचं पटतंय, त्याचीच धास्ती आहे मला. पण मग बाहेरून फेका ना सारखं, आत घुसता कशाला? एवढं आमच्या प्रशिक्षकांना सुचू दे.

तांबडापांढरा

सेंटर नवीन असला तर मी पण मिशिगन म्हणेन. आजोबा असते तर तेच बघितलं असतं.

पिवळानिळा (शनिवार, ३० नोव्हेंबर)

१३-१०!!!! आवाज बसलाय. शेवटी मलिंग्ज २७ यार्ड फुटला, मग आमच्या झ्वाडाने फील्ड गोल मारला, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून घातला, तेव्हा ४५ सेकंद उरले होते. ओहायोला धावून सगळे मिळून ७७ यार्ड. मधोमध!

पण सामन्यानंतरची झेंड्यावरून झालेली मारामारी बघवली नाही. पोलिसांनी तिखट फवारा मारला. मुलगा शेजारी बसला होता, टीव्ही बंद केला मी.

लालफुली

आत घुसत राहिले. पुन्हा पुन्हा आत. दोन फील्ड गोलही हुकले. आज काही बोलू नका माझ्याशी.

जुनाटोलेडो

लालफुलीताई, चहा घ्या. आमच्याकडेही सगळे गप्प आहेत. समोरच्यांनी अंगणातले दिवे मुद्दाम लावले नाहीत, तेवढं बरं वाटलं.

पिवळानिळा

ताई, मनापासून सांगतो, २००६ ला मी रात्रभर झोपलो नव्हतो. तुमचा संघ चांगला आहे. अजून प्लेऑफ आहे तुम्हाला.

बेलवाटी

घारगे झाले! डब्याच्या भोपळ्याचे! पण जरा फिके वाटतायत.

लालफुली

गूळ किती घातलास?

बेलवाटी

वाटीभर गराला अर्धी वाटी.

लालफुली

पाऊण घाल. आणि तळायच्या आधी खसखस लाव वरून.