गोळाभात: गोळे भातातच शिजवायचे की वाफवून घालायचे?

चुलीवरचा_गंज

हल्ली आपल्या विदर्भातल्या गोळाभाताची, म्हणजे चण्याच्या डाळीचे गोळे घातलेल्या भाताची, कृती कुणाला मागा, उत्तर ठरलेलं: भात कुकरला लावा, गोळे इडलीपात्रात वाफवा, ताटात एकत्र करा, वरून फोडणी. त्याला भात आणि वाफवलेले गोळे म्हणावं, गोळाभात म्हणू नये. गोळ्यातलं मोहन, हिंग, तिखट शेजारच्या शितांत उतरायला हवं आणि भाताची वाफ गोळ्यात शिरायला हवी. दोघांची देवाणघेवाण गंजातच (भात शिजतो त्या पातेल्यात) होते, ताटात होत नाही.

चार माणसांचं प्रमाण देतो. जुना एचएमटी तांदूळ 2 वाट्या, चण्याच्या डाळीचा भरडा दीड वाटी. भरड्यात तिखट दीड चमचा, हळद अर्धा, धणे-जिरे पूड एक, ओवा चुरडून पाव, हिंग पाव, मीठ पाऊण चमचा, मूठभर बारीक चिरलेला सांबार. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या मंडळींनी इडलीचं सांबार ओतू नये.) फल्लीतेलाचं (शेंगदाणा तेलाचं) मोहन 3 मोठे चमचे, गरम करून. मोहन चोळल्यावर मुठीत दाबून पाहा: मुटका टिकला पाहिजे आणि बोटानं टोचला की फुटला पाहिजे. मग अर्ध्या वाटीला थोडं कमी पाणी, तेही शिंपडत. 20 मिनिटं झाकून ठेवा. भरडा पाणी पितो, मिश्रण पुन्हा कोरडं वाटेल. तेव्हा एखादा चमचा पाणी आणखी. लहान लिंबाएवढे 13-14 गोळे होतात.

तांदूळ धुऊन 20 मिनिटं निथळू द्या. रुंद गंजात 5 वाट्या पाणी उकळा, त्यात गोळ्यांच्या वाट्याची अर्धी वाटी जास्तीची. चमचाभर मीठ, तांदूळ, झाकण नाही. पाणी तांदळाच्या पातळीला आलं आणि वर भोकं दिसू लागली की तीच वेळ. गोळे अर्धे भातात रोवायचे, एकाच थरात, बुडाला टेकू द्यायचे नाहीत. झाकण, खाली तवा, आच बारीक, 15 ते 18 मिनिटं. उतरवल्यावर 10 मिनिटं झाकण उघडायचं नाही. सराटा (उलथणं) मध्ये घालायचाच नाही.

इडलीपात्र

कृती चांगली लिहिली, पण ज्यात सगळे फसतात ते एका ओळीत गुंडाळलं. "भोकं दिसू लागली की तीच वेळ." ही वेळ दोन-तीन मिनिटांचीच असते. लवकर टाकले तर पाणी अजून खदखदत असतं, गोळ्याची वरची बाजू बसायच्या आतच सुटते, भाताचा पिवळा चिखल होतो. उशिरा टाकले तर गंजात ओल उरलेली नसते. गोळा बाहेरून कोरडा आणि मधोमध कच्चा. कच्ची चण्याची डाळ पोटात गेली की रात्रभर गुबारा. नवख्या माणसाला कृती देताना जिथे चूक होणारच, तिथे सोपा रस्ता सांगण्यात कमीपणा कसला?

वाफवताना हा जुगारच नाही. चाळणीला तेलाचा हात, पाण्याला उकळी फुटल्यावरच गोळे आत, झाकणाला फडकं बांधायचं म्हणजे वाफेचे थेंब गोळ्यांवर गळत नाहीत. 25 ग्रॅमच्या गोळ्याला 15 मिनिटं. एक मोडून पाहा: मधला भाग बाहेरच्याच रंगाचा दिसला की झाला, मध्ये फिकट कोरडा ठिपका दिसला की आणखी 4 मिनिटं. गंजातला गोळा असा मोडून बघता येतो का?

चुलीवरचा_गंज

येतो की. एक गोळा कडेला रोवायचा, तो तपासणीचा. कडेचा शिजायला सगळ्यात मागे असतो, म्हणून तो झाला म्हणजे बाकीचे झालेच.

भिवापुरी

दोघंही गोळे टाकायच्या वेळेवर भांडून राहिले बाप्पा, खरी गोची भरड्यात आहे. भरडा म्हणून लोक दुकानातलं बेसन घेतात. बारीक पिठाचा गोळा गरम लागताच बाहेरून चिकट होतो, तो थर बसला की पाणी आत जायचं नाव घेत नाही. मग त्याला गंजात ठेवा की इडलीपात्रात, मधे डिंकच. भरड्याच्या कणांमधे फट राहते, वाफ तिथून शिरते.

नागपुरात इतवारीच्या बाजारातून डाळ घ्या, चक्कीवाल्याला सांगा "रव्यापेक्षा जाड, कण्यांपेक्षा बारीक". चक्कीवर आधी गहू निघाले असतील तर पहिली मूठ बाजूला काढा, गव्हाचं पीठ मिसळलं की गोळा चिवट होतो. घरी करायचं तर डाळ कढईत 4-5 मिनिटं नुसती गरम करा, रंग बदलू देऊ नका, गार करा आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवला की अर्धं बेसन, अर्ध्या कण्या. चाळून घ्या, चाळणीखालचं बारीक झुणक्याला. बेसनाशिवाय काहीच नसेल तर तीन भाग बेसनाला एक भाग जाड रवा. चव तीच येणार नाही, पण गोळा खाता येईल.

आणि लाल तिखटाबद्दल कुणी बोललंच नाही. पाकिटातलं रंगाचं तिखट दीड चमचा आणि भिवापुरी मिरचीचं दीड चमचा यात फार फरक आहे. भिवापुरी असेल तर एकच चमचा घाला.

काट्यावर_मोजा

इथे एक मूळ तक्रार. "वाटी" म्हणजे कोणती? आमटीची 150 मिलीची की जेवणातली 200 मिलीची? तांदूळ आणि पाणी दोन्ही त्याच वाटीनं घेतलं तर फरक पडत नाही, हे मान्य. पण भरडा वाटीनं आणि मीठ-तिखट चमच्यानं, तिथे वाटी बदलली की चव बदलली. भरडा दाबून भरला की वाटीत जास्त मावतो, हलका भरला की कमी, आणि मोहन मात्र मोजून तीनच चमचे. म्हणून एकाचे गोळे विरघळतात, दुसऱ्याचे दगड होतात, आणि दोघंही म्हणतात "कृतीप्रमाणेच केलं".

ग्रॅममध्ये लिहा: भरडा 200 ग्रॅम, तेल 45 मिली, पाणी 80 ते 90 मिली, गोळा 25 ग्रॅमचा. तेल 30 मिलीच्या खाली गेलं की गोळा घट्ट, 60 च्या वर गेलं की रोवतानाच भुगा. हे एकदा लिहून दिलं की "अंदाजे" शब्दाची गरज राहत नाही.

महाल_ते_बर्डी

काटा भरड्याला ठीक, पण तांदळाला काय कराल? नव्या तांदळाला दुप्पट पाणी पुरतं, वर्षभर जुन्याला अडीचपट लागतं. दोन्हींचं वजन काट्यावर सारखंच. चिन्नोर तांदूळ घ्याल तर तो मुळातच मऊ. सुवास छान, पण गोळ्याचं वजन पडलं की शितं दबतात. गोळाभाताला मोकळा तांदूळ हवा, म्हणून आपल्याकडे एचएमटी चालतो. (हा वाण दादाजी खोब्रागडे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावी, नागभीड तालुक्यात, निवड करत करत तयार केला आणि नाव दिलं घड्याळावरून. नाव ऐकून कारखान्यातला तांदूळ वाटतो, म्हणून सांगितलं.)

तेव्हा "अंदाज" हा शब्द शिवीसारखा वापरू नका. तांदूळ जुना की नवा हे नखाखाली शीत दाबून कळतं, काट्यावर नाही.

काट्यावर_मोजा

मग कृतीत "नवा असेल तर 4 वाट्या, जुना असेल तर 5" असं लिहा ना. अंदाजही आकड्यात लिहिता येतो.

महाल_ते_बर्डी

हे चालेल. पण गोळ्यांची जास्तीची अर्धी वाटी दोन्हीकडे ठेवा, तीच बहुतेक कृतींत गायब असते. गोळे भातातलं पाणी ओढतात, म्हणून भात वरून टरटरीत राहतो आणि लोक दोष तांदळाला देतात.

नवी_सून_जुना_कुकर

ताई-दादांनो, गंज आणि तवा एवढा वेळ कुणाला आहे? कुकरमध्येच सगळं घालून दोन शिट्ट्या काढल्या तर काय बिघडतं? गोळे हलके व्हावेत म्हणून चिमूटभर सोडाही घालता येईल.

इडलीपात्र

सोडा अजिबात नको. एक तर गोळा भुसभुशीत होऊन भातात फुटतो, दुसरं म्हणजे सोडा हळदीला लागला की लालसर डाग पडतात. हलकेपणा मोहनातून येतो.

कुकरचं म्हणाल तर शिट्टी हाच घोळ. शिट्टी होताना दाब एकदम उतरतो, आतलं पाणी उसळतं, तेवढ्यात गोळे फुटतात. कुकर वापरायचाच तर झाकण न लावता पाणी तांदळाच्या पातळीला येऊ द्या, गोळे रोवा, मग झाकण लावा, त्यावरची शिट्टी उतरवून बाजूला ठेवा आणि बारीक आचेवर 12 मिनिटं. कुकरचं बूड जाड असलं तर तव्याचीही गरज नाही. (हो, हे चुलीवरच्या गंजाच्याच बाजूचं झालं. कुकर फक्त झाकण घट्ट असलेला गंज म्हणून वापरायचा.)

चुलीवरचा_गंज

लेखी कबुली जपून ठेवली आहे.

भिजवलेली_डाळ

भरड्याचा एवढा खटाटोप काऊन? चण्याची डाळ 3 वाट्या, तूर आणि मूग अर्धी-अर्धी वाटी, 3 तास भिजवा, पूर्ण निथळा, पाणी न घालता जाडसर वाटा. डाळीनं पाणी आधीच प्यायलेलं असतं, म्हणून गोळा आतून कच्चा राहायचा प्रश्नच येत नाही, 10 मिनिटांत शिजतो. मोहनही दीड चमचा पुरतं.

चुलीवरचा_गंज

वाटलेल्या डाळीचा गोळा मऊ होतो, नाही म्हणत नाही. पण तो मुठीत चुरला की लगदा होतो. गोळाभात खाताना गोळा कुस्करायचा, त्याचा रवाळ चुरा भातात मिसळायचा आणि वरून फोडणीचं तेल. चुरा कोरडा असला तरच तेल पितो. वाटलेल्या डाळीच्या मिश्रणाचे वडे तळा आणि वडाभात करा, तिथे ती शोभते. दोन पदार्थ वेगळे आहेत ते याच कारणानं.

शिवाय तुमच्या प्रमाणात 4 वाट्या डाळ आहे. भिजून ती दुपटीच्या आसपास जाते. चौघांसाठी केलेला गोळाभात गल्लीला वाटावा लागेल.

भिजवलेली_डाळ

प्रमाण आठ-दहा जणांचं होतं, लिहायला विसरलो. चौघांना दीड वाटी डाळ पुरे. बाकी मऊ गोळा म्हाताऱ्या माणसांना चावायला सोपा जातो, तेवढं तरी माना.

इडलीपात्र

आठ-दहा जणांचा विषय निघालाच आहे तर गंजवाल्यांना विचारते. पाऊण किलो तांदूळ उंच गंजात घातला की भाताचा थर वीतभर होतो. वरच्या गोळ्यांना वाफ पोचेपर्यंत बूड करपतं. गोळे दोन थरांत रोवले तर खालचे दबून चपटे. अशा वेळी वाफवण्याशिवाय इलाज आहे का? गोळे वेगळे वाफवा, भात उतरवल्याबरोबर गरम भातात पुरा, 10 मिनिटं झाकून ठेवा. हिंग-तिखटाचा वास तेवढ्यातही उतरतो.

चुलीवरचा_गंज

उंच गंजात तुमचं बरोबर आहे. माझं उत्तर रुंद पातेलं किंवा दोन गंज. भाताचा थर चार बोटांच्या वर जाऊ द्यायचा नाही. दोन गंज आणि दोन शेगड्या नसतील तर वाफवा. पण चार माणसांच्या स्वयंपाकाला पंगतीचा नियम लावू नका.

भिवापुरी

फोडणीवर कुणीच नाही बोललं, आणि निम्मा गोळाभात तिथेच आहे. चौघांना अर्धी वाटी तेल. ऐकून दचकू नका, भरडा कोरडा असतो, तेल कमी पडलं की घशाशी अडतो. फल्लीतेल चांगलं तापवा, एक चमचा मोहरी पूर्ण तडतडू द्या, आच बंद करा, मग अर्धा चमचा हिंग आणि 5-6 सुक्या मिरच्या. मिरच्या आच चालू असताना टाकल्या की काळ्या पडतात आणि तेल कडू होतं.

जवसाचं तेल आवडणाऱ्यांसाठी: घाणीचं जवस तेल मोहरी तडतडेपर्यंत तापवलं की धुरावतं आणि कडवटतं. फोडणी फल्लीतेलातच करा आणि कोमट झाल्यावर वरून दोन चमचे जवस तेल मिसळा.

सोबत चिंचेचं सार. लिंबाएवढी चिंच, 4 वाट्या पाणी, सुपारीएवढा गूळ, हिरवी मिरची, जिऱ्याची फोडणी, एक उकळी. पातळच हवं. कढी करणार असाल तर तिला बेसन नावापुरतं लावा, गोळ्यात डाळ काय कमी आहे?

काट्यावर_मोजा

"लिंबाएवढी", "सुपारीएवढा". चिंच 25 ग्रॅम, गूळ 10 ग्रॅम. आभारी आहे.

नवी_सून_जुना_कुकर

शिट्टी उतरवून 12 मिनिटं, हे लिहून घेतलं. एकच विचारायचं राहिलं. उरलेला गोळाभात दुसऱ्या दिवशी काढला की गोळे दगड होतात. ते फेकायचेच का?

चुलीवरचा_गंज

फेकायचे कशाला? गार झालं की भात आणि डाळ दोन्ही कडक होतात, गोळा बिघडलेला नसतो. रात्री फ्रिजमध्ये मात्र ठेवा, नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेला भात सकाळपर्यंत आंबतो. सकाळी गोळे हातानं चुरा, पाण्याचा हबका मारा, कांदा-मिरचीच्या फोडणीत भातासकट परता आणि 5 मिनिटं झाकण ठेवा.

इडलीपात्र

चुरायचेही नाहीत. 6 मिनिटं वाफवले की होते तसे मऊ होतात. वाफवले की.