गिरणगावची एका दिवसाची फेरी: गिरण्यांच्या खुणा कुठे पाहाव्यात? (मदत हवी आहे)

नमस्कार.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही घरातले चौघे जण लोअर परळ, करी रोड आणि लालबाग या भागात एक पूर्ण दिवस काढणार आहोत. त्या फेरीची आखणी करण्यासाठी मला जाणकारांची मदत हवी आहे. सत्तरी ओलांडलेले माझे सासरे सोबत असतील. १९८२ चा संप सुरू होईपर्यंत ते याच भागातील एका गिरणीत साचेखात्यात (कापड विणणाऱ्या मागांच्या विभागात) कामाला होते. संप लांबला तसे ते सातारा जिल्ह्यातील गावी परतले आणि नंतर शेतीतच राहिले. टोरंटोहून आलेली माझी भाचीही असेल. ती वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे आणि या फेरीची कल्पना तिचीच.

तिच्या शहरात गुडरहॅम अँड वर्ट्स या १८३२ साली सुरू झालेल्या कंपनीच्या व्हिस्कीच्या कारखान्याचा सबंध परिसर २००३ पासून डिस्टिलरी डिस्ट्रिक्ट या नावाने लोकांसाठी खुला आहे. विटांच्या जुन्या इमारतींमध्ये कलादालने, नाट्यगृह, दुकाने आणि उपाहारगृहे आली, आतील रस्ते पायी चालणाऱ्यांसाठी राखले गेले, आणि इमारती एकमेकींना लागून तशाच उभ्या असल्यामुळे धान्य कुठे येत असेल आणि माल कुठून बाहेर पडत असेल याचा अंदाज चालता चालता बांधता येतो. मुंबईत एवढ्या गिरण्या होत्या, तर तिथेही असा एखादा सलग परिसर राखला असेलच, असे ती गृहीत धरून आली आहे. तिला कोरा नकार देण्यापेक्षा जे उरले आहे ते नीट दाखवावे, अशी माझी इच्छा आहे.

सलग परिसर का उरला नाही, हे मी तिला थोडक्यात सांगितले आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार पुनर्विकासाच्या वेळी गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी आणि एक मालकाकडे. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. उद्यानांच्या आणि घरांच्या वाट्याला त्यामुळे फारच थोडी जमीन आली. माझ्या मते हे शहराचे कायमचे नुकसान आहे, आणि आज तिथे फिरताना जे तुकड्यातुकड्यांत दिसते त्यामागे हे मोठे कारण आहे.

आता मुख्य प्रश्न. सेनापती बापट मार्गावरील फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला तरी जुनी चिमणी अजून ठेवलेली आहे, हे मला माहीत आहे. सुरुवात तिथूनच करावी असे वाटते. रघुवंशी मिलमध्ये घरसजावटीची दुकाने आहेत. ना. म. जोशी मार्गावरील मथुरादास मिलच्या कंपाउंडमध्ये २००७ साली ब्लू फ्रॉग हे संगीताचे ठिकाण सुरू झाले होते; ते पुढे बंद पडले, पण त्या कंपाउंडमध्ये आणि तोडी मिलमध्ये उपाहारगृहे आणि कचेऱ्या आहेत. यांपैकी कोणत्या आवारात गिरणीच्या मूळ शेड आतून पाहता येतात? भाचीला विशेषकरून ती करवतीच्या दात्यांसारखी छपरे पाहायची आहेत, ज्यांच्या उभ्या बाजूला उत्तरेकडे तोंड करून काचा बसवलेल्या असत, म्हणजे ऊन थेट साच्यांवर न पडता दिवसभर सारखा उजेड मिळे. बिडाचे खांब, खात्यांची नावे किंवा क्रमांक रंगवलेल्या भिंती, भोंग्याची जागा, असे काही कुणी अलीकडे स्वतः पाहिले असल्यास कृपया नेमके ठिकाण सांगावे. काही विकत न घेता आवारात हिंडू देतात का, आणि छायाचित्रे काढताना सुरक्षारक्षक अडवतात का, हेही कळले तर बरे होईल.

सासऱ्यांचा गुडघा दुखतो आणि त्यांना ऐकूही कमी येते. साच्यांच्या आवाजात शेजारच्याचेही बोलणे कानावर पडत नसे, म्हणून कामगार हातवाऱ्यांनी बोलत. तुटलेला धागा, संपलेली कांडी (धोट्यातील सुताची गुंडाळी), जॉबर (खात्यातील मुकादम) येतोय, या प्रत्येकाची खूण ते आजही करून दाखवतात. भाची ते सारे चित्रित करणार आहे, तेव्हा जिथे तासभर शांतपणे बसता येईल, जिने चढावे लागणार नाहीत आणि स्वच्छतागृह जवळ असेल, अशी जागा हवी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला, हे आमच्या घरात कुणीच विसरलेले नाही. त्यामुळे वयस्कर माणसाला घेऊन बसण्यासाठी तळमजल्यावरील, बाहेर पडायला सोपी जागाच सुचवावी.

गिरणगाव म्हणजे केवळ गिरण्यांची आवारे नव्हती, म्हणून दुपारनंतरचा वेळ मला वस्तीसाठी ठेवायचा आहे. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गावाकडचे लोक, त्यांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया, आणि त्याच बायांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभे केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ, हे भाचीला इमारतींइतकेच समजावे असे मला वाटते. जुन्या पद्धतीची, पाटीवर मोजके पदार्थ असणारी एखादी खाणावळ करी रोड किंवा लालबाग भागात अजून चालू आहे का? चाळीच्या आवारात गेल्यास रहिवाशांना त्रास होऊ नये, त्यांच्या दारात उभे राहून कॅमेरे रोखले जाऊ नयेत, याची मला काळजी आहे. तिथे राहणाऱ्या किंवा राहिलेल्या कुणी योग्य रीत सांगितली तर आम्ही तिचे पालन करू. लालबागचा मसाला बाजार आणि चिवडा गल्ली शेवटी ठेवली आहे, कारण पिशव्या घेऊन दिवसभर हिंडणे जमणार नाही.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. त्यातील काही भाग सध्या लोकांना पाहता येतो का, आणि येत असल्यास त्याची वेळ आणि प्रवेशाची पद्धत काय, हे कुणी सांगेल का? यंत्रे पाहायला मिळणार असतील तर लालबागच्या आधी तिकडे जाऊ.

शेवटचा प्रश्न दिवसाचा आहे. रविवारी लोकलला गर्दी कमी असते, पण मॉलमध्ये आणि उपाहारगृहांत ती वाढते. कामाच्या दिवशी सकाळी अकरानंतर लोअर परळला उतरून संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी करी रोडहून परतावे, असा माझा विचार आहे. गुडघेदुखीच्या माणसाला लोअर परळ स्थानकाच्या कोणत्या बाजूने बाहेर पडणे सोपे जाईल, आणि तिथून फिनिक्सपर्यंत टॅक्सी सहज मिळते का, हे रोज त्या स्थानकावरून ये-जा करणाऱ्यांनी कृपया सांगावे.