गॅस प्रकल्पातून आलेल्या हीट एक्स्चेंजरमध्ये पारा आढळला: वाफ मारून वेल्डिंग करावे काय?

प्रश्न (फॅब्रिकेशन शॉप, हिंगणा एमआयडीसी, नागपूर)
नैसर्गिक वायूच्या प्रकल्पातून कार्बन स्टीलचा एक जुना हीट एक्स्चेंजर (एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणारे यंत्र) ट्यूबा बदलण्यासाठी आमच्याकडे आला आहे. काल ड्रेन नॉझलचा ब्लाइंड फ्लँज (निचऱ्याच्या तोंडावरचे बोल्टचे झाकण) उघडला, तेव्हा काळ्या गाळात मोहरीएवढे चकाकणारे थेंब दिसले आणि पत्र्याच्या तुकड्याने ढकलताच ते एकमेकांत मिसळले. ग्राहक म्हणतो, "वाफ मारा आणि काम सुरू करा." ट्यूबशीटवर (ट्यूबांची टोके बसवलेल्या जाड प्लेटवर) गॅस कटिंग अटळ आहे. शेडमध्ये दुपारी ४२-४३ अंश तापमान असते. काय करावे?

उत्तर १ (निवृत्त मेंटेनन्स अभियंता)
वाफेने पारा निघतो, पण जात नाही. पोलादाच्या आतील गंजात व लोह सल्फाइडच्या थरात तो मुरलेला असतो. त्यामुळे वाफ दिल्यावर वरवरचा पारा उडून थंड भागात किंवा निचऱ्याच्या पाण्यात पुन्हा जमतो, आणि थरातला बराचसा जागेवरच राहतो. पारा ३५७ अंशांना उकळतो. टॉर्चखालचे पोलाद त्याच्या कितीतरी पुढे तापते, म्हणजे उरलेला सगळा पारा कापणाऱ्याच्या तोंडासमोर येणार.

योग्य पद्धत म्हणजे तो थर सोडवणारे आणि पारा विरघळवून धरून ठेवणारे रसायन (आयोडीन-आयोडाइडचे द्रावण हा त्यातला एक प्रकार) बंद परिपथात फिरवणे, द्रावणाचे नमुने तपासत राहणे आणि त्यातील पारा वाढायचा थांबला की धुऊन, वाळवून, यंत्र काही तास बंद ठेवून आतील हवेतील पाऱ्याची वाफ मोजणे. नुसत्या डोळ्यांनी पाहून दिलेल्या "स्वच्छ" या प्रमाणपत्राला काडीची किंमत नाही. हे काम अनुभवी कंत्राटदाराचे आहे, आपल्या शेडमधले नव्हे.

उत्तर २ (औद्योगिक आरोग्य क्षेत्र)
पेसोचे (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे) मुख्यालय आपल्याच शहरात असल्याने स्फोटाचा धोका सर्वांच्या ध्यानात असतो. पाऱ्याचा मात्र राहत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार पाऱ्याच्या वाफेची आठ तासांची मर्यादा दर घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम होती. बंद जागेत उघडा पारा असल्यास २० अंशांना दर घनमीटर हवेत सुमारे १३ मिलिग्रॅम वाफ मावते, तर ४० अंशांना ६० च्या आसपास. वास नाही, रंग नाही. धुळीचा मास्क निरुपयोगी आहे. मास्कला पाऱ्याच्या वाफेसाठीचेच कार्ट्रिज (गाळणीची डबी) लागते. सांडलेला पारा झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनरने उचलू नये, कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, आणि सोन्याची अंगठी आधी काढावी, कारण पारा तिच्यावर लगेच चढतो. काल फ्लँज उघडणाऱ्यांची लघवीतील पाऱ्याची तपासणी करून घ्यावी.

उत्तर ३ (प्रक्रिया अभियंता)
याच खेपेत अॅल्युमिनियमचा एक्स्चेंजर असल्यास त्याला वेगळा नियम. पारा अॅल्युमिनियम ठिसूळ करतो. १९७३ मध्ये अल्जीरियातील स्किकडा आणि २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील मूम्बा येथील बिघाड त्यातूनच झाले. पोलादासाठीचे रसायन त्यात मुळीच घालू नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. अॅल्युमिनियमचे काही आलेले नाही. आज सकाळी नवीन गॅस्केट घालून फ्लँज बंद केला, पत्रा व हातमोजे झाकणाच्या डब्यात ठेवले आणि कापण्याचे काम थांबवले. वाफमापनाचा लेखी अहवाल मिळेपर्यंत यंत्र परत न्यावे, असे पत्र ग्राहकाला पाठवले आहे. दोघा फिटरांची तपासणी उद्या आहे.