‘हीलिंग’ला मराठीत काय म्हणावं? वणव्याच्या प्रेमकथांमधले अडलेले शब्द

पळसबन (धरमपेठ, नागपूर)

मंडळी, एका शब्दापाशी आठ दिवस अडून बसले आहे.

अमेरिकेत जंगलातले वणवे विझवणाऱ्या तुकड्यांवर इंग्रजीत भरपूर प्रेमकादंबऱ्या निघतात. मी त्या मनापासून वाचते आणि आता त्याच वळणाची एक लहान कादंबरी मराठीत लिहिते आहे. नायक ॲरिझोनातल्या ‘हॉटशॉट’ तुकडीत आहे, म्हणजे आगीच्या सगळ्यात तापलेल्या भागात घुसणारी वीसेक जणांची तुकडी. नायिका नागपूरची, तिकडे फिजिओथेरपिस्ट. वणव्यात साथीदार गेले, हा एकटा मागे राहिला आणि आतून मिटला. पुढे तो हळूहळू उघडत जातो. इंग्रजीत या सगळ्या वाटचालीला ‘हीलिंग’ एवढा एक शब्द पुरतो.

मराठीत ‘बरा झाला’ लिहिलं की ताप उतरल्यासारखं वाटतं. ‘उपचार’ म्हणजे औषधपाणी. ‘पुनर्वसन’ म्हटलं की धरणग्रस्त डोळ्यांपुढे येतात. ‘सावरला’ जवळ जातो, पण सावरायचा असतो तो तोल. माझ्या नायकाचा तोल गेलेलाच नाही. तो सोळा-सोळा तासांची पाळी करतो, चौदा-चौदा दिवस जंगलात राहतो, कुणाला काही कळू देत नाही.

आणखी तीन शब्द हवेत: फायरलाइन, बर्नआउट आणि ‘ब्लॅक’.

रानवाट

ताई, फायरलाइनला आपल्या वनखात्यात शब्द आहे, जाळरेषा. मी पेंचकडे वनरक्षक होतो, उभी नोकरी याच कामात गेली. पण जपून वापरा. आपला आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. जाळरेषा त्याच्या आधी तयार करायची असते, गवत कापून आणि जाळून मोकळा केलेला पट्टा. म्हणून तर नावात ‘जाळ’ आहे. तुमच्या कादंबरीतली माणसं आग समोर असताना जमीन खरवडतात ना? त्याला आम्ही ‘पट्टा काढणे’ म्हणू.

आणि ‘वणवा’ आमच्या कागदावर असतो. बोलताना कुणी म्हणत नाही. गावातून निरोप येतो तो ‘जंगलाले आग लागली’ असाच. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही पेटवतात, आणि वारा सुटला की ती हाताबाहेर जाते. मग हिरव्या फांद्या तोडायच्या आणि झोडपत सुटायचं. अलीकडे पाला उडवणारे ब्लोअर आले.

पळसबन

काका, ‘पट्टा काढणे’ घेतलं! तिकडे पट्टा काढायला ‘पुलास्की’ वापरतात. एका अंगाला कुऱ्हाड, दुसऱ्या अंगाला कुदळीसारखं आडवं पातं. १९१० च्या महावणव्यात आपली माणसं खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणाऱ्या वनाधिकाऱ्याचं नाव त्या अवजाराला मिळालं. ते मी ‘पुलास्की’च ठेवते.

अक्षरमैत्र

नायकाला ‘अग्निशमन जवान’ करू नका, एवढी विनंती. आपल्या शहरात १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, त्यामुळे नागपूरकराला हा शब्द पाठच आहे. पण तो ऐकला की बंब, शिडी आणि पाण्याचा फवारा दिसतो. वणव्यावरच्या माणसाचं बहुतेक काम कोरडं असतं. आगीच्या वाटेतलं जळण काढून घ्यायचं आणि माती उघडी करायची. ‘वणवेकरी’ असा शब्द घडवता येईल, मात्र त्यातून वणवा लावणारा असा अर्थ निघण्याची भीती आहे. ‘वणव्यावरची माणसं’ हे लांब असलं तरी कानाला खरं वाटतं.

‘बर्नआउट’ला दोन अर्थ आहेत आणि तुमच्या कथेला दोन्ही लागतील. पट्टा आणि आग यांच्यामधलं जळण आपणच आधी जाळून टाकायचं, हा कामातला अर्थ. माणूस कामाने आतून संपतो, हा दुसरा. एका मराठी शब्दात दोन्ही बसवायचा हट्ट सोडा. पहिल्याला ‘आतलं जाळून घेणं’ म्हणा. दुसऱ्याला ‘करपणं’. भाकरी बाहेरच्या आगीने करपत नाही, तव्यावर जास्त वेळ राहिली म्हणून करपते. तुमच्या नायकाचं नेमकं तेच झालं आहे.

‘ब्लॅक’चा कामातला अर्थ नीट सांगाल का?

पळसबन

जळून गेलेली जमीन. तिथे जळायला काही उरलेलं नसतं म्हणून ती सुरक्षित. ‘एक पाय ब्लॅकमध्ये ठेवून काम करा’ असं त्या लोकांना शिकवलेलं असतं. ५ ऑगस्ट १९४९ ला माँटानातल्या मॅन गल्च नावाच्या दरीत वणवा विझवणारे तेरा जण जळून मेले. त्यांचा म्होरक्या वॅग्नर डॉज वाचला, कारण त्याने धावता धावता पुढचं गवत स्वतः पेटवलं आणि त्या गरम राखेत पालथा पडून राहिला. त्याने बाकीच्यांनाही हाका मारल्या, पण आगीपासून पळताना आगीतच शिरा हे कुणाला कसं पटावं?

माझा नायक तसाच जगतो आहे. जळून गेलेल्या जागेतच उभा, कारण तिथे पुन्हा काही पेटणार नाही.

अक्षरमैत्र

मग ‘जळीत’. जुना, सरकारी कागदांतही रुळलेला शब्द. ‘तो अजून जळितातच उभा होता’ हे वाक्य मराठी वाचकाला टीप न देता कळेल.

आणि मागे उरलेल्याच्या त्या अपराधी भावनेला ‘वाचल्याचा सल’ म्हणा. ३० जून २०१३ ला ॲरिझोनातल्या यार्नेल हिलवर वीस जणांच्या तुकडीतले एकोणीस गेले. विसावा टेहळणीवर होता म्हणून वाचला. अशा माणसाच्या मनात जे राहतं त्याला ‘अपराधगंड’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याने गुन्हा केलेला नाही. सल म्हणजे आत मोडून राहिलेलं टोक. ते वरून दिसत नाही आणि हात लागला की दुखतं.

उंबरठा (महाल)

मुख्य शब्द राहिलाच की! पळसबनताई, ‘निवणे’ घ्या ना.

आमच्या घरी मे महिन्यात कुणी उन्हातून आलं की आजी पाण्याचा पेला लगेच हातात देत नसे. ‘बस घडीभर, अंग निवू दे’ म्हणायची. तवा निवतो, चूल निवते, नातवाला पाहून डोळे निवतात, लेकीचं पत्र आलं की जीव निवतो. आगीला आणि माणसाला एकच क्रियापद! वणव्याच्या प्रेमकथेला याहून वेगळा शब्द कशाला शोधायचा?

अक्षरमैत्र

सुरेख. संस्कृतात ‘निर्वा’ म्हणजे विझणं, शांत होणं. ‘निवणे’ त्याच कुळातला आणि ‘निर्वाण’ही. दीक्षाभूमीच्या गावात त्या शब्दाचं वजन मी सांगायला नको.

तरी एक शंका आहे. निवलेला चहा कुणाला आवडतो? ‘निवणे’त ऊब निघून जाण्याची छटाही आहे. प्रेमकथेच्या शेवटी नायक थंड पडला असं वाचलं गेलं तर? ‘निवळणे’ तपासून पाहा. गढूळ पाणी निवळतं, आभाळ निवळतं, ताप निवळतो. आपल्या जंगलातल्या निवळीच्या बिया उगाळून पाण्यात घालतात त्या यासाठीच. गाळ खाली बसतो, नाहीसा होत नाही. दुःखाचंही तसंच असतं.

उंबरठा

पण निवळायला पाणी स्थिर ठेवावं लागतं, त्याला हात लावून चालत नाही. इथे तर दुसरं माणूस जवळ येतं, म्हणून फरक पडतो ना? आणि चहाचं म्हणाल तर, बाळाला दूध पाजताना आपण ते निववूनच पाजतो. पोळण्याइतकं राहिलेलं नसतं, पण कोमट असतं. मी ‘निवणे’ म्हणते ते त्या अर्थाने.

रानवाट

मी भाषेतला माणूस नाही. एवढंच सांगतो की आग विझली आणि आग निवली यात आमच्या कामात फार अंतर आहे. ज्वाळा गेल्या की पाहणाऱ्याला वाटतं संपलं. वाळलेलं खोड आतून धुमसत असतं, मुळांतून विस्तव जमिनीखाली सरकतो. गडी घरी गेले आणि दुपारचा वारा सुटला की तेच रान परत पेटतं. म्हणून आम्ही मागे थांबायचो. खोडाच्या बुडाशी पालथा हात धरायचा, धग लागते का पाहायची. डोळ्याला राख सगळी सारखीच दिसते.

पळसबन

काका, हे वाचून मी उठून दोन फेऱ्या मारल्या. तिकडेही हेच करतात. आग कड्यात आली की तुकडी दिवसचे दिवस राखेतून फिरते, हातमोजा काढून हाताच्या पाठीने जमीन चाचपत. मी ते सगळं दोन ओळींत उरकलं होतं, कारण त्यात थरार नाही.

आता ते प्रकरण पुन्हा लिहिते. माझी नायिका फिजिओथेरपिस्ट आहे, सुजलेल्या सांध्याला पालथा हात लावून ताप पाहणं तिचं रोजचं काम. दोघांनाही एकच खूण येते आणि आजवर ती मला दिसली नव्हती. ‘विझला’ मी फक्त वणव्याला ठेवते. त्याचा राग निवळतो, तिसऱ्या प्रकरणात. तो स्वतः निवतो, पण शेवटच्या पानापर्यंत पुरता नाही. ‘निवला’ असा पूर्ण भूतकाळ कुठेच वापरणार नाही, ‘निवत होता’ एवढंच.

अक्षरमैत्र, ‘जळितात’ बरोबर की ‘जळीतात’? मुद्रितशोधनाला पाठवण्याआधी सांगा.

अक्षरमैत्र

‘जळितात’. मराठी शब्दाला प्रत्यय लागताना (सामान्यरूपात) त्यातली उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराआधीची, ई ऱ्हस्व होते; ‘शरीर’चं मात्र ‘शरिराला’ नको, ‘शरीराला’च, कारण तो तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. ‘जळीत’ आपला मराठी शब्द, म्हणून ‘जळितात’.