आवडत्या थीम पार्कमध्येच नोकरी धरली, तर त्याची जादू उरते का?

प्रश्न : शेवटचीफेरी

मी सात वर्षांची असताना ज्या थीम पार्कमध्ये पहिल्यांदा गेले आणि त्यानंतर जवळजवळ दरवर्षी जात राहिले, त्याच पार्ककडून मला आता सहा महिन्यांच्या हंगामी नोकरीचे पत्र आले आहे. काम राइड ऑपरेटरचे आहे. खरे तर मी आनंदाने नाचायला हवे होते, पण गेले चार दिवस मी ते पत्र उघडते, वाचते आणि उत्तर न देताच मिटून ठेवते. पगार बेताचा आहे आणि कामाच्या वेळा विचित्र आहेत, हे मला मान्य आहे. त्याविषयी मी विचारत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. त्या जागेवरचे माझे प्रेम बऱ्याच अंशी मला न दिसणाऱ्या गोष्टींवर उभे आहे, असे मला हल्ली जाणवू लागले आहे. फाटकातून आत शिरले की बाहेरचा रस्ता दिसेनासा होतो, कचऱ्याची गाडी कधी नजरेस पडत नाही, तिथली माणसे दमलेली दिसत नाहीत, आणि भुताच्या वाड्यात कोणत्या वळणावर काय अंगावर येणार हे पाठ असूनही दर वेळी पोटात गोळा येतो. हे सगळे टिकावे म्हणून मी पडद्यामागचे व्हिडिओ आजवर मुद्दाम पाहिलेले नाहीत. आता मीच पडद्यामागे गेले तर काय उरेल? ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण मला या चार दिवसांत नको तितक्या वेळा ऐकवली गेली आहे, म्हणून कृपया म्हणी नकोत. ज्यांनी अशा ठिकाणी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांचा अनुभव हवा आहे. नोकरी सुटल्यावर तुम्ही स्वतः तिकीट काढून तिथे पुन्हा गेलात का, आणि गेलात तर काय वाटले, हेही जमल्यास सांगावे.

उत्तर : दोनबटणे

मी एका मोठ्या पार्कमध्ये तीन हंगाम राइड ऑपरेटर होतो. पहिला हंगाम एका अंधाऱ्या राइडवर आणि पुढचे दोन रोलर कोस्टरवर. तुम्हाला ज्याची भीती वाटते ते घडते आणि बहुधा पहिल्याच आठवड्यात घडते. माझ्या बाबतीत ते तिसऱ्या दिवशी घडले. सकाळी पार्क उघडण्यापूर्वी राइडच्या आतून एक फेरी पायी मारायची असते आणि त्या वेळी आतले कामाचे दिवे लावलेले असतात. लहानपणी ज्या गुहेत मी आईचा हात घट्ट धरून बसायचो, ती गुहा म्हणजे आतून काळा रंग मारलेले एक मोठे गोदाम निघाले. दगडी भिंतीची मागची बाजू प्लायवूडची होती आणि तिच्यावर सुताराने पेन्सिलीने मांडलेली मापे तशीच राहिली होती. राक्षसाच्या पाठीत हवेच्या नळ्या खुपसलेल्या होत्या, आणि रुळांच्या कडेला लोकांच्या पडलेल्या टोप्या, केसांचे चाप आणि लहान मुलाचा एकच बूट पडला होता. मी तिथे मिनिटभर उभा राहिलो आणि, आता सांगतानाही थोडी लाज वाटते, पण मला रडू येईल की काय असे वाटले.

मग पार्क उघडला, दिवे मालवले गेले, संगीत सुरू झाले आणि पहिली गाडी आत गेली. मी बाहेर फलाटावर होतो. तो राक्षस कितव्या सेकंदाला पुढे झेपावतो हे मला आता ठाऊक होते, म्हणून मी मनात आकडे मोजत राहिलो आणि बरोबर त्या आकड्यावर आतून किंकाळी आली. ही मजा मला प्रवासी म्हणून कधी मिळाली नव्हती, आणि पुढचे तीन-चार आठवडे मी तो खेळ रोज खेळत होतो.

त्यानंतर मात्र जे सुरू होते त्याविषयी कोणी बोलत नाही. ते म्हणजे तोचतोचपणा. कोस्टरचा संपूर्ण मार्ग ब्लॉकमध्ये विभागलेला असतो; एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी असू शकते आणि पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याखेरीज यंत्रणा मागच्या गाडीला पुढे सोडत नाही. त्यामुळे फलाटावर तुमची जरा जरी दिरंगाई झाली तरी मागची गाडी भरलेल्या प्रवाशांसह वर ब्रेकवर अडकून पडते. म्हणून दिवसभर एकच क्रम चालतो: प्रत्येक आसनावरचा दांडा हाताने वर ओढून पाहायचा, सोबत्याला अंगठा दाखवायचा आणि दोघांनी आपापले बटण एकाच वेळी दाबायचे. गर्दीच्या दिवशी हे शेकडो वेळा होते. फलाटावर वाजणारी धून सारखी फिरून फिरून येते. आजही ती कुठे कानावर पडली तर माझा अंगठा आपोआप वर जातो.

उंचीची पट्टी हा एक वेगळाच प्रकार आहे. एक मुलगा पट्टीपेक्षा बोटभर कमी भरला, तेव्हा त्याने टाचा उंचावल्या नाहीत की हट्ट केला नाही. त्याने फक्त बूट काढून आत घातलेले दोन घडी केलेले रुमाल माझ्या हातात दिले. त्याला परत पाठवणे हे माझे काम होते आणि मी ते केले. त्या दिवशी जादू वगैरे शब्द मला फार जड वाटले.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे: नोकरी सुटल्यावर दोन वर्षांनी मी तिकीट काढून गेलो. पहिला तासभर मी रांगेत उभा राहून गाड्यांमधले अंतर मोजत होतो आणि फलाटावरच्या पोरांच्या चुका काढत होतो. दुपारनंतर ते आपोआप थांबले. अंधाऱ्या राइडमध्ये मात्र भीती वाटली नाही, ती परत यायची नाही असे दिसते. राक्षस येण्याच्या सेकंदाला मीच मोठ्याने ओरडलो. बाहेर फलाटावर कोणीतरी मोजत असेल, त्याची निराशा नको.

उत्तर : तिसरीघंटा

मी थीम पार्कमध्ये काम केलेले नाही, त्यामुळे नियमाप्रमाणे मला उत्तर देण्याचा अधिकार नाही. परंतु गेली अनेक वर्षे मी नाटकांची प्रकाशयोजना करतो आणि प्रश्न मुळात विंगेत उभे राहून नाटक पाहण्याचाच आहे, म्हणून लिहितो. डिस्नेच्या पार्कांनी तर शब्दही रंगभूमीचेच घेतले आहेत: तिथे कर्मचाऱ्याला ‘कास्ट मेंबर’ म्हणतात, लोकांना दिसतो तो भाग ‘ऑनस्टेज’ आणि दिसत नाही तो ‘बॅकस्टेज’.

कृती कळली की रस जातो, असे गृहीत धरणे मला घाईचे वाटते. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९६९ साली सुरू झालेल्या हाँटेड मॅन्शनमध्ये एक मोठे दालन आहे, ज्यात पारदर्शक भुते जोडीजोडीने नाचतात. ही करामत १८६० च्या दशकात लंडनच्या रंगमंचावर गाजली होती आणि ‘पेपरचे भूत’ या नावाने ओळखली जाते. प्रेक्षक आणि दालन यांच्यामध्ये एक प्रचंड काच असते, खरे पुतळे प्रेक्षकांच्या नजरेआड असतात, त्यांच्यावर प्रकाश टाकला की काचेतले त्यांचे प्रतिबिंब दालनातल्या खऱ्या सामानात तरंगू लागते. प्रतिबिंबात डावे-उजवे उलटते, म्हणून त्या नाचात पुरुषाऐवजी स्त्री जोडीदाराला फिरवते आहे असे दिसते. हे मला कळले त्या दिवसापासून त्या भुतांचे मला अधिकच कौतुक आहे, कारण दीडशे वर्षांहून जुनी युक्ती, एक काच आणि एक दिवा एवढ्यावर रोज हजारो माणसे आजही फसतात.

तुम्ही कचऱ्याच्या गाडीचा उल्लेख केला आहे, तेव्हा तेही सांगतो. फ्लोरिडातील मॅजिक किंगडममध्ये, जे १९७१ साली सुरू झाले, कचरा नळ्यांतून हवेने ओढून नेला जातो आणि कर्मचारी बोगद्यांतून ये-जा करतात, म्हणजे भविष्यनगरीतून एखादा काउबॉय चालत गेला असे होत नाही. गंमत अशी की ते बोगदे खणलेले नाहीत. तिथे जमिनीखालचे पाणी फार वर असल्यामुळे ते जवळपास जमिनीच्या पातळीवर बांधले गेले, शेजारचा जलाशय खोदताना निघालेली माती त्यांच्याभोवती भरली गेली आणि पार्क त्यांच्या माथ्यावर उभारला गेला. लोक ज्याला रस्ता समजून चालतात तो वास्तविक वरचा मजला आहे. तिथला सिंड्रेलाचा किल्ला १८९ फूट उंच आहे, पण वर जावे तसे त्याचे दगड आणि खिडक्या लहान होत जातात, म्हणून तो त्याहून उंच भासतो. आता हे वाचून तुमचा काही तोटा झाला असेल तर मी क्षमा मागतो, पण मला तसे वाटत नाही.

उत्तर : सुट्टीचादिवस

वरील सद्गृहस्थांचे म्हणणे सुंदर आहे, परंतु ते प्रेक्षकाचे म्हणणे आहे. काचेमागची युक्ती कळल्याने माझे काहीच बिघडले नव्हते. मी दोन वर्षे एका पार्कच्या तक्रार खिडकीवर होते आणि माझे जे बिघडले ते हसण्यामुळे बिघडले.

एके दिवशी वाऱ्यामुळे एक राइड बंद ठेवावी लागली होती. एक गृहस्थ वीस मिनिटे माझ्यावर ओरडत होते आणि मी, शिकवल्याप्रमाणे, मान किंचित कलती ठेवून हसत होते. ते गेल्यावर पर्यवेक्षकाने मला बाजूला घेतले. मला वाटले, पाणी प्यायला सांगेल. त्याने सांगितले की शेवटच्या पाच मिनिटांत माझे हसू कमी झाले होते. समाजशास्त्रात याला भावनिक श्रम म्हणतात आणि १९८३ पासून, विमानातील परिचारिकांच्या अभ्यासातून, ही संज्ञा रूढ झाली आहे. मला ती संज्ञा फार उशिरा कळली. आधी कळली असती तर निदान मी स्वतःला कृतघ्न तरी म्हटले नसते, कारण ‘एवढ्या सुंदर ठिकाणी काम करूनही तू कंटाळतेस कशी’ हा प्रश्न घरच्यांपेक्षा मीच मला जास्त विचारत होते. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये पात्रे साकारणाऱ्या आणि मिरवणुकीत नाचणाऱ्या कलाकारांनी २०२४ मध्ये मतदान करून कामगार संघटनेची वाट धरली, ही बातमी वाचून मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. प्रेमापोटी धरलेली नोकरीसुद्धा शेवटी नोकरीच असते.

आणखी एक गोष्ट. १९७३ मध्ये अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांच्यातल्या काहींना ‘चित्र काढलेत तर बक्षीस मिळेल’ असे आधी सांगितले गेले. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ती मुले बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत होती. ज्यांना न सांगता बक्षीस दिले होते त्यांची आवड मात्र घटली नव्हती. पुढे या विषयावर संशोधकांमध्ये पुष्कळ वाद झाले, पण माझ्यापुरते ते चित्र खरे ठरले. पूर्वी मन उदास झाले की मी त्या पार्कात जायची. नोकरी लागल्यावर मोफत प्रवेशाचे ओळखपत्र मिळाले आणि सुट्टीच्या दिवशी मी एकदाही आत गेले नाही. उदास झाल्यावर जायला जागाच उरली नाही, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते म्हणून तुम्हाला सांगते. नोकरी सुटून चार वर्षे झाली. मी पुन्हा गेलेले नाही.

उत्तर : मुखवटा

थोडक्यात लिहिते. डिस्नेच्या पार्कांत ‘मी अमुक पात्र होते’ असे म्हणण्याची रीत नाही, ‘माझी त्या पात्राशी मैत्री आहे’ असे म्हणतात. मी दुसऱ्या पार्कात होते, पण तीच भाषा वापरते. एका मोठ्या कानांच्या प्राण्याशी माझी दीड वर्ष मैत्री होती. आत घामाच्या धारा लागतात, दिसते फक्त तोंडाच्या जाळीतून, आणि बोलायचे नसते. समोरचे मूल मात्र तुमच्या डोळ्यांत बघत नाही, त्या प्राण्याच्या डोळ्यांत बघते, म्हणजे तुमच्या कपाळाच्या वीतभर वर. कोणीतरी इतक्या विश्वासाने आपल्या डोक्यावरच्या हवेकडे बघते आहे, हे पाहण्यासाठी मी पुन्हा ती नोकरी करीन. पाठीचे दुखणे वेगळे.

प्रश्नकर्ती : शेवटचीफेरी

सर्वांचे मनापासून आभार. सुट्टीचादिवस यांचे उत्तर वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही, कारण उदास झाल्यावर तिथे जाणारी मीही आहेच आणि ते मी प्रश्नात लिहिले नव्हते. पत्रात नेमणूक भुताच्या वाड्यावर आहे. दोनबटणे यांना विचारायचे आहे की राइड बदलून मागितली तर चालते का, की रुजू होण्याआधीच नाव खराब होते? वाडा तेवढा वाचला तर बाकीच्या पार्कचे कामाचे दिवे मी सहन करीन असे वाटते.

उत्तर : दोनबटणे

अवश्य मागा, नाव खराब होत नाही. हंगामी माणसे भरताना अदलाबदल होतच असते आणि ‘ती माझी आवडती राइड आहे, तिथे नको’ हे कारण त्या कचेरीने यापूर्वी नक्की ऐकलेले असते. फक्त प्रशिक्षण सुरू होण्याआधी मागा, कारण एकदा एखाद्या राइडवर तुमची परीक्षा झाली की तुम्हाला तिथून हलवायला कोणी राजी नसते. आणि सुट्टीचादिवस यांचा अनुभव मी हलका समजत नाही, परंतु तक्रार खिडकी आणि फलाट यांत फरक आहे. फलाटावरचा माणूस राइड संपवून येणाऱ्यांचे चेहरे बघतो, खिडकीवरच्याकडे ते चेहरे कधी येतच नाहीत.

प्रश्नकर्ती : शेवटचीफेरी

आज सकाळी पत्र पाठवले. होड्यांची राइड मागितली होती, मिळाली.

उत्तर : दोनबटणे

मग मोज्यांचे दोन जोड रोज बरोबर ठेवा, आणि बूट एक आकडा मोठे घ्या.